पोच घेतल्याशिवाय न उठणारे नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझी दुपारची शिकवणी चालू होती. फोन त्यांच्या सुनेचा, वैशालीचा. समोर सातवीची मुलं वहीत डोकं घालून बसलेली, फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित. "ताई, सकाळी झोपेतच गेले," असं ती म्हणाली आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पण आता तीन आठवडे उलटून गेल्यावर लिहिते आहे, तर खोटं कशाला लिहू? मला हायसंच वाटलं होतं. पक्षाघाताने आठ महिने ते अंथरुणावर होते, वाचा गेलेली. उभ्या जन्मात ज्यांनी समोरच्याकडून प्रत्येक गोष्टीचं उत्तर वसूल केलं, त्यांना घोटभर पाणीसुद्धा खुणेनं मागावं लागत होतं. मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड फिरवलं. सुटले बिचारे.

नाना आमचे घरमालक. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन गेली, तिच्या पैशातून त्यांनी मागच्या अंगाला आठ खोल्यांची चाळ बांधली आणि त्यातली तीन नंबरची खोली आम्हाला दिली. त्याआधी तीस वर्षं ते भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्यातून ते रिटायर झाले, पण स्टोअरकीपरकीतून कधीच झाले नाहीत. चाळीच्या जिन्यातला दिवा सात वाजता लागायचा आणि दहाला बंद व्हायचा. नळाला पाणी आलं की कोणत्या खोलीत किती बादल्या गेल्या ते ओट्यावर बसून मोजायचे. भाडं एक दिवस उशिरा दिलं तरी पावतीवर तारीख खरीच घालायचे. आम्ही लातूरकडची माणसं, उधार-उसनवार तोंडी करणारी. मला हा म्हातारा सुरुवातीला अजिबात आवडत नव्हता. कुणी विचारलं तर मी त्यांना 'आमचे गोडाऊनवाले' म्हणायचे, आणि ते त्यांच्याही कानावर गेलं होतं.

ही गोष्ट सातेक वर्षांपूर्वीची. माझे यजमान दिगंबर चाकणला एका कंपनीत कंत्राटदारामार्फत होते. कंत्राट संपलं, चाळीसेक माणसं एका दिवसात घरी बसली. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत लागले, पण पगार कमी, आणि तो नव्या कंत्राटदाराच्या नव्या बँकेत. मोटारसायकलचा हप्ता मात्र जुन्याच खात्यातून कापला जायचा. दोन हजार आठशे सत्तर रुपये. दर महिन्याला दिगंबर तेवढेच मोजून घ्यायचे, त्यात हजार-बाराशे माझ्या शिकवणीचे असायचे, आणि चाकणच्या शाखेत जाऊन जुन्या खात्यात भरून यायचे. हप्त्याएवढे बरोबर, वर दहा रुपयेही नाहीत. वर टाकायला होते कुठे?

आणि एके दिवशी वसुलीवाला दारात उभा राहिला. तीन हप्ते थकलेत, आठ दिवसांत भरा, नाहीतर गाडी उचलू. मी म्हटलं, चुकीच्या घरी आलात. त्याने मोबाइलमध्ये दिगंबरांचं नाव दाखवलं. संध्याकाळी विचारलं तर दिगंबर म्हणाले, "म्या भरलेत गं. आईची शपथ." मग गेले कुठे? माणूस मुळात अबोल, अडचणीत सापडला की आणखी गप्प. त्या दिवसांत आमच्या चाळीतली निम्मी पुरुषमंडळी मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळत होती. सहा नंबरच्या खोलीतल्या बाईचं मंगळसूत्र त्यात गेलं होतं. मी दोन आणि दोन चार केले. दिगंबरांचे खिसे चाचपले, मोबाइल उघडून पाहिला. काहीच सापडलं नाही, तर वाटलं, लपवतो किती हुशारीनं! बोलणं बंद झालं. ताट वाढून समोर सरकवायचं, एवढाच संसार उरला होता. शेवटी मुलीला घेऊन माहेरी निघून जायचं मी पक्कं केलं. परत येईन असं काही मनात नव्हतं.

जाण्याआधी नानांना सांगायला गेले. म्हटलं, मी आणि मुलगी जातोय, खोलीचं काय ते हे बघतील. नाना शेंगा फोडत बसले होते. "का बरं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मला रडू कोसळलं. आईलाही न सांगितलेलं सगळं मी त्या गोडाऊनवाल्याला सांगून मोकळी झाले. त्यांनी सगळं ऐकलं. धीर-बीर काही दिला नाही. म्हणाले, "पासबुक हाय का?"

"आहे. पण वर्षभर भरून घेतलेलं नाही. तिथलं मशिन बंद असतं म्हणे."

"मंग तू कशावरनं बोलतीस? माल कमी भरला म्हनून आमी कधी लगीच हमालाला धरला न्हाई. आदी आवक बगायची, मंग जावक. गुरुवारी त्याला घिऊन ये. तवर म्हायेरी जायाचं न्हाई."

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि बँक त्या दिवशी उघडी, हे एक बरं आहे. आम्ही तिघं बसने चाकणला गेलो, कारण हप्ता थकलेल्या गाडीवर बसायला नानांनी साफ नकार दिला. शाखेत वर्षभराचा उतारा मागितला. तीन पानं निघाली. नानांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बाकावर बसून एकेका ओळीपुढे खूण करायला लागले. त्यांचं इंग्रजी गोडाऊनपुरतं, पण आकडे त्यांना फसवू शकत नव्हते. दिगंबरांनी भरलेले दोन हजार आठशे सत्तर दर महिन्याला तिथे जमा होते. सातही महिने. मी एकेका आकड्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं.

झालं होतं असं. पगार येतोय तोवर ते खातं शून्य शिलकीचं होतं. पगार थांबल्यावर बँकेने ते परस्पर साधं खातं करून टाकलं आणि किमान शिल्लक नाही म्हणून दर महिन्याला करासकट पाचशे नव्वद रुपये कापायला सुरुवात केली. दिगंबर सकाळी पैसे भरायचे, त्यातून बँक आधी स्वतःचा दंड उचलायची आणि सातांपैकी तीन महिने हप्त्याला पैसे कमी पडले. हप्ता परत गेला की त्याचे आणखी पाचशे नव्वद. दोन दिवसांनी फायनान्सवाले तोच हप्ता पुन्हा लावायचे, पुन्हा परत, पुन्हा पाचशे नव्वद. तिसऱ्या महिन्यात तर फक्त ऐंशी रुपये कमी पडले होते. ऐंशी रुपयांसाठी अकराशे ऐंशी दंड! सगळी बेरीज सात हजार सहाशे सत्तर. आमचं अडीच महिन्यांचं भाडं. दिगंबर त्या कागदाकडे नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भरलेते ना?" मला मान वर करता आली नाही.

नानांनी तिथेच बसून माझ्याकडून मराठीत अर्ज लिहून घेतला. नोकरी गेली आहे, खातं बदलल्याचं आम्हाला कुणी कळवलं नाही, कापलेली रक्कम परत करावी. दोन प्रती. खिडकीवरच्या मुलीने एक ठेवून घेतली आणि दुसरी परत सरकवली. नाना म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का आन सही." ती म्हणाली, तशी पद्धत नाही. नाना म्हणाले, "आमची हाय." आणि बाकावर जाऊन बसले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. नानांनी धोतराच्या सोग्याने चष्मा चार वेळा पुसला. मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, लोक बघत होते. तीन वाजता शिक्का मिळाला. नाना एकही शब्द चढा बोलले नव्हते.

पुढच्या गुरुवारी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. तरुण माणूस, वाईट नव्हता. "काका, हे आम्ही नाही कापत, सिस्टिम कापते."

"मंग शिष्टीमला बोलवा भाईर. तिच्याशी बोलतो."

मॅनेजर हसले. म्हणाले, तुमची परिस्थिती बघून अर्धे परत करायचा प्रयत्न करतो. दिगंबरांनी लगेच मान हलवली. त्या दिवसांत आम्हाला साडेतीन-चार हजार म्हणजे केवढे! मीही हो म्हणणार होते. पण अर्धे घेतले असते तर अर्धी चूक आपली, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि दिगंबरांवरचा माझा संशय तसाच अर्धामुर्धा घरात राहिला असता. हे मला नंतर कळलं. नानांना तिथल्या तिथे कळलं होतं. "दान मागाया न्हाई आलो सायेब," ते म्हणाले. "तुमी म्हंता मेसेज धाडले. कुठल्या नंबरावर धाडले, त्यो फारम दावा."

खातं उघडतानाचा अर्ज निघाला. त्यावरचा मोबाइल नंबर दिगंबरांचा नव्हताच. तेव्हा दिगंबरांकडून मला सगळा प्रकार कळला. कंपनीच्या गेटजवळ टेबल टाकून, एका दुपारी, शिफ्ट सुटता सुटता कंत्राटदाराच्या सगळ्या माणसांची खाती उघडली होती. सह्या तेवढ्या ज्याच्या त्याच्या. नानांनी आपला बटणांचा फोन काढला आणि अर्जावरचा नंबर लावला. स्पीकर नव्हता, पण त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून आवाज इतका मोठा असायचा, की केबिनभर ऐकू आलं.

"हां, कोण?"

"मी मोशीवरनं बोलतोय. तुमाला बँकेचे मेसेज येत्यात का वो?"

"अरे बाबा, तुम्ही बँकेतले का? बंद करा ना राव ते! मी सुपरवायझर होतो तिथं, आता गुजरातला असतो. पस्तीस-चाळीस पोरांचे मेसेज माझ्याच मोबाइलवर येतात. अमक्याचे पैसे कापले, तमक्याचे कापले… मी डिलीट मारून मारून थकलो!"

नानांनी फोन ठेवला आणि मॅनेजरांकडे बघत बसले. मॅनेजरांनी पाणी मागवलं, स्वतःसाठी. नाना उठता उठता एवढंच म्हणाले, "महिन्यात न्हाई झालं तर बँकांच्या लोकपालाकडं अर्ज करनार. त्याची पन पोच घिऊनच येनार."

तिथवर जावं लागलं नाही. पाचव्या आठवड्यात सात हजार सहाशे सत्तर रुपये जमा झाले, आणि यापुढे दंड लागणार नाही असं लेखी पत्रही मिळालं. दिगंबरांनी पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेले. मी ते पासबुक छातीशी धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. पैसे आले म्हणून आनंद होताच. पण माझा माणूस चोर नव्हता, या आनंदापुढे ते पैसे काहीच नव्हते. एकदा मोकळेपणाने त्यांची माफी मागावी असं मनात आलं. तोंड उघडलं, आणि विचारलं, "चहा टाकू का?"

नाना हिशोबाचे पक्के. त्याच संध्याकाळी येऊन थकलेलं दोन महिन्यांचं भाडं मोजून घेतलं, पावती दिली, आणि जाताना शेंगांची पुडी मुलीच्या हातात ठेवली. पुढे कितीतरी गुरुवार त्यांच्या ओट्यावर दिगंबरांच्या जुन्या सोबत्यांची रांग असायची. झेरॉक्स ज्याने त्याने आपल्या पैशानं आणायची, चहा मिळणार नाही, असा नियम होता. किती जणांचे पैसे परत आले मला सांगता येणार नाही, पण जो तिथून उठून बँकेत जायचा तो शिक्का मारलेला कागद घेऊनच परत यायचा.

नंतर आम्ही चाकणला स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. आणि ती माफी राहिलीच. मी नवऱ्याला काय समजले होते, हे जगात फक्त नानांना माहीत होतं. त्यांनी ते कधी कुणाजवळ काढलं नाही, माझ्याजवळसुद्धा नाही. तेराव्याला मोशीला जाऊन परत येताना वाटेत उसाच्या रसाला थांबलो. आता ते ठाऊक असणारी मी एकटीच उरले, हे मला सोसेना. मी म्हटलं, "एक सांगायचंय. त्या वेळी मला वाटलं होतं, पैसे तुम्हीच उडवताय. पत्त्यांवर."

दिगंबरांनी ग्लास संपवला. "ठाव हाय की."

"नानांनी सांगितलं?"

"नाना कशाला सांगतेत? नाइट करून आलो की तू माझे खिसे चाचपायचीस. मी जागाच असायचो." मग म्हणाले, "नाना एवढंच म्हणालते, घरी गेलास की पाकीट उघडून ठिवत जा. दिसंल असं. कुणाला इचारायची पाळी येऊ देऊ नको."

सात वर्षं मी या माणसाला त्या पाकिटावरून बोलत आले आहे. कंपनीतून आलं की ते स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडं टाकायचं, नोटा बाहेर डोकावताहेत, पीठ उडतंय, आणि मी रोज ओरडायचे, की ही काय जागा आहे का, आत ठेवायला काय होतं. त्यावर ते नुसतं हसायचे.

घरी पोचलो. त्यांनी हात-पाय धुतले आणि नेहमीसारखं पाकीट ओट्यावर ठेवलं. मी ओटा पुसायला घेतला. पाकीट उचललं, खालची जागा पुसून कोरडी केली, आणि परत तिथेच ठेवलं, उघडं.