चार हात लांबचे दाजी

जगातल्या यच्चयावत देशांची खडान्‌खडा माहिती असलेला, आणि तरीही सोलापूरच्या पलीकडे फारसा न गेलेला माणूस बघायचा असेल, तर नळदुर्गला हायवेलगत आमच्या दाजींचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, तिथं जा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान; आता सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणते. दुकानात डाव्या हाताला युरियाची पोती, उजव्या हाताला तणनाशकाच्या बाटल्या आणि समोरच्या फळीवर, जिथं इतर दुकानदार लक्ष्मीचा फोटो लावतात तिथं, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. जपानची मुलं, केनियाची मुलं, मेक्सिकोची मुलं. सोयाबीनवरच्या अळीनं बेजार झालेल्या शेतकऱ्यानं औषध मागायला यावं आणि आधी बर्फाचं घर आतून उबदार कसं राहतं ते ऐकून घ्यावं, अशी तिथली रीत आहे. गिऱ्हाइकं निमूट ऐकतात, कारण दुसरं दुकान लांब आहे.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की गल्लीतली पोरं पोत्यांवर येऊन बसतात आणि दाजी त्यांना एकेक देश वाचून दाखवतात. पुस्तक पातळसं असलं तरी दाजींना त्यात त्या देशाची राज्यघटना सापडते. चित्रातल्या माणसाला मिशी असली की त्या देशात सगळ्यांना मिशी. 'बायकांना बी?' असं एखाद्या पोरीनं विचारलं, तर दाजी शहानिशा करायला चित्र पुन्हा बघून घेतात. एकदा आसामकडचा एक ट्रकवाला शेजारच्या ढाब्यावर जेवून दुकानात पाणी मागायला आला. दाजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, फळीवरून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि विचारलं, "बांबू का टोपी किधर है?" टोपी नाही म्हटल्यावर तो आसामचा आहे यावर दाजींचा विश्वास बसेना. त्या बिचाऱ्यानं लायसन काढून दाखवलं तेव्हा कुठं त्याला पाणी मिळालं. गेल्यावर दाजी मला म्हणाले, "लायसन काय, आजकाल कसलं बी मिळतंय."

नुसतं वाचून थांबले असते तर गोष्ट वेगळी, पण दाजी वाचलेलं आचरणात आणतात. एका दिवाळीला आमच्या घरी पंगतीत त्यांनी कढी अशी भुरकली की स्वयंपाकघरातून माझी बायको काय सांडलं ते बघायला धावत आली. दाजी वाटी खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "आवाज न करता पिलं तर सैपाक करणारीचा अपमान हुतोय. जपानात असंच हाय." पुढची वाटीही त्यांनी तितक्याच आदरानं संपवली.

या सगळ्या विद्वत्तेचा उगम मात्र मला ठाऊक होता. माझी भाची, म्हणजे दाजींची लेक, लग्न होऊन नवऱ्याबरोबर फिनलंडला गेली, त्या वर्षी दाजींनी पहिलं पुस्तक मागवलं. तिकडे त्यांना नात झाली, सई तिचं नाव. व्हिडिओ कॉलवर ती 'आबा' म्हणून त्यांच्याशी दोन शब्द बोलायची आणि पळून जायची. ती आठ वर्षांची झाली तरी दाजींनी तिला समोरासमोर पाहिलं नव्हतं. "पोरगी हितं आली अन् तिला आपण परके वाटलो, तर काय करायचं?" असं ते एकदा मला म्हणाले होते. एवढं बोलून लगेच बोलिव्हियाकडे वळले.

अखेर यंदा सईनं आईबरोबर सुट्टीत यायचं ठरलं, आणि घरात आणीबाणी लागू झाली. फिनलंडच्या पुस्तकात एक चित्र होतं: बसची वाट बघणारी माणसं एकमेकांपासून चांगलं अंतर ठेवून, गप्प उभी. तेवढ्या चित्रावरून दाजींनी फर्मान काढलं की पोरीला कुणी जवळ घ्यायचं नाही, मुके घ्यायचे नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत. शेजारणींना गल्लीच्या तोंडाशीच थोपवलं. अक्का भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहिली, तर तिलाही आत पिटाळलं. "लेकीची लेक पयल्यांदा दारात यायलीय, अन् तिच्यावरून भाकरतुकडा बी ओवाळायचा न्हाय?" अक्का तडकली. दाजी म्हणाले, "तिकडल्या माणसाला जवळ आलेलं सोसत न्हाय. चार हात लांब उभारतेत ते. पुस्तकात हाय."

घर दुकानाच्या मागंच, म्हणून गाडी दुकानासमोर थांबली. सई उतरली आणि कुणाकडे न बघता सरळ दाजींच्या पायांकडे निघाली. दाजी दोन पावलं मागं सरले. ती आणखी पुढं आली, ते आणखी मागं. अशी त्यांची दुकानातच प्रदक्षिणा सुरू झाली. शेवटी पाठीला पोत्यांची थप्पी लागली तेव्हा दाजी टुणकन पोत्यांवर बसले आणि दोन्ही पाय वर घेतले. आतून अक्का ओरडली, "अहो, पोरगी पाया पडायलीय, अन् तुमी पळायलाव कुठं?" तोवर पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. ती आईमागं जाऊन उभी राहिली.

मग चार-पाच दिवस सई घरात आणि दाजी दुकानात. जेवायला बसली तरी ती पार दुसऱ्या टोकाला. दाजी कृतार्थ! "बघा, किती अंतर ठिवून ऱ्हाती. पुस्तकात हाय तसंच तंतोतंत," असं मला कौतुकानं सांगायचे आणि सांगून झालं की उगीच बाटल्या पुसत बसायचे. त्यांच्या अकलेला मी मनोमन हात जोडले.

एका दुपारी सई एक पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "मामाआजोबा, आबांना मी आवडत नाही का?" ती हळूच म्हणाली. "मी घरी प्रॅक्टिस केली होती. माझं काय चुकलं?" पुस्तक तिकडच्या मुलांना भारत समजावून सांगणारं होतं. त्यात एक मुलगी आजोबांच्या पाया पडत होती. मला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही, फार वाईट वाटलं. मी तिला तशीच दुकानात घेऊन गेलो आणि दाजींना म्हटलं, "दाजी, नवा देश आलाय. ऐका."

सई चार हात लांब उभी राहून तिकडची भाषा मराठीत करून सांगू लागली. "भारतात रस्त्यावर हत्ती असतात. भारतात सगळी माणसं फेटा बांधतात. भारतात रोज कुणाचं तरी लग्न असतं." दाजींचा टक्कल पडलेल्या डोक्याकडे हात गेला. "हत्ती? हितं?" ते म्हणाले. "पुस्तकात आहे," सईनं ठणकावलं. इतकी वर्षं भोगलं त्याची मला त्या क्षणी भरपाई मिळाली. मग तिनं पान उलटलं. "भारतात मुलं आजोबांच्या पाया पडतात. आजोबा डोक्यावर हात ठेवतात. म्हणजे ते मुलांना हवे असतात," ती वाचता वाचता अडखळली, "म्हणजे मुलं आजोबांना हवी असतात."

दाजींनी शहानिशा करायला ते चित्र पुन्हा बघून घेतलं. मग दाजी उठले, चप्पल काढून बाजूला सारली, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे पाय जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "पड." ती वाकली. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. ती उभी राहिली तरी हात डोक्यावरच होता. आतून अक्का भाकरतुकडा घेऊन आली, तिला या वेळी कुणी अडवलं नाही.

सुट्टी संपली, सई गेली. जाताना ते पुस्तक तिनं आबांना दिलं. परवा शनिवारी मी दुकानात गेलो तेव्हा पोरं पोत्यांवर बसली होती आणि दाजी तेच उघडून बसले होते. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, नातीनं सांगितलं होतं तसं, फक्त देशाचं नाव वगळून, ते सांगत होते. हत्ती, फेटे, रोजची लग्नं. पोरं आ वासून ऐकत होती.

"दाजी, कुठं हाय हो ह्यो देश?" एका पोरीनं विचारलं.

"लई लांब हाय," दाजी म्हणाले. "इमानानं जावं लागतंय."

"तिथं कोण ऱ्हातंय?"

दाजींनी पाया पडणाऱ्या मुलीच्या चित्रावर बोट ठेवलं. "माजी नात."