दाराजवळची बॅग

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या त्या अपार्टमेंटमध्ये मला कधी स्वस्थ बसवलंच नाही. २००२ साली आम्ही तिथे आलो. नवऱ्याला नोकरी होती आणि मला डिपेंडंट व्हिसा, म्हणजे स्वयंपाक करायची आणि खिडकीतून पार्किंग लॉट बघायची परवानगी. पुण्यात मी लहानपणापासून गाणं शिकले होते, लहानसहान बैठकाही केल्या होत्या. इथे भिंती इतक्या पातळ की शेजारचा फोन वाजला की मी आमचा उचलायला धावायची. मग गायचं कुठे? इलेक्ट्रॉनिक तानपुरा कपाटात स्वेटरांखाली गेला. नवऱ्याच्या कंपनीत सारखी माणसं कमी करत होते. आपली पाळी कधी येईल सांगता येत नव्हतं, म्हणून आमच्या बॅगासुद्धा कधी पुरत्या रिकाम्या झाल्या नाहीत.

बेसमेंटमधल्या लाँड्रीत मशीनची घरघर असायची, तिच्या आडोशाने मी गुणगुणायची. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, श्वास फार वर घेतेस. वळून बघते तर वरच्या मजल्यावरची उंच म्हातारी, सत्तरी ओलांडलेली आणि धुणं धुवायला लाल लिपस्टिक लावून आलेली. मला रागच आला. ओळख ना पाळख आणि थेट शिकवणी. पण ती म्हणाली की ती जर्मनीत ऑपेरात गायची, कॉफीला वर ये. नाही म्हणायला मला दुसरं काम तरी कुठे होतं?

नवऱ्याने तिचं नाव ऑपेराबाई ठेवलं. मी नुसतं बाई म्हणायला लागले, कारण हळूहळू ती माझी बाईच झाली. बंदिशीतलं तिला काही कळत नव्हतं, पण श्वास कुठून घ्यायचा ते ती पोटावर हात ठेवून दाखवायची.

तिच्या गावच्या थिएटरात गायकांना आवाजाच्या जातीवरून नोकरीवर घेत. तिचा आवाज हलका, म्हणून तिच्या वाट्याला जन्मभर मोलकरणी आणि नायिकेच्या मैत्रिणी आल्या. राणी कधीच नाही. पण एक सोय होती. गावोगावच्या थिएटरांत तेच ते ऑपेरा चालायचे, आणि कुठे कुणाचा घसा बसला की सकाळीच त्याच जातीच्या आवाजासाठी फोन फिरायचे. फोन आला की बॅग उचलायची आणि ट्रेन पकडायची. दुपारी कुणीतरी घाईघाईत सांगायचं, या दारातून आत ये आणि त्या दारातून जा. संध्याकाळी, ज्याचं तोंडही आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला स्टेजवर चिडवायचं नाही तर त्याच्या प्रेमात पडायचं. एकदा तर घसा बसलेली नटी स्टेजवर नुसते ओठ हलवत होती, आणि बाई कडेला उभी राहून तिचं गाणं गात होती. फुलं अर्थातच त्या नटीला मिळाली. बाई हे हसत सांगायची. तिच्या जागी मी असते तर ती फुलं हिसकावून घेतली असती.

एकदा फार मोठ्या थिएटरातून फोन आला, तेव्हा बाई खाली पाव आणायला गेली होती. घरमालकिणीने सांगितलं, ती घरी नाही. बाई परत येईपर्यंत त्यांना दुसरी मिळालीही होती. तिथून पुन्हा कधी फोन आला नाही. पुढे तिने अमेरिकन इंजिनिअरशी लग्न केलं, ती इकडे आली, चर्चमधल्या लोकांना गायला शिकवलं, नवरा गेला, आवाजही गेला. पण काळा ड्रेस, बूट आणि घशाच्या गोळ्या भरलेली बॅग अजून दाराजवळ तयार होती. ती म्हणायची, फोन आला की आधी हो म्हणायचं, काय गायचं ते मग विचारायचं. मला वाटायचं, म्हातारीला चळ लागलाय.

दुसऱ्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला न्यू जर्सीहून एक गायिका येणार होती. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच तिचा घसा बसला. मंडळाचे सेक्रेटरी काका, पस्तीस वर्षं अमेरिकेत काढलेले रिटायर्ड डॉक्टर, त्यांचा मला फोन आला. तू गातेस असं ऐकलंय, आज अर्धा तास गाशील का? मनातल्या मनात मी साडीसुद्धा निवडली. आणि तोंडाने मी म्हटलं, "नको हो काका, माझा कुठला आलाय रियाज."

याचा अर्थ काय ते आपल्याकडे सांगावं लागत नाही. समोरच्याने म्हणायचं, असं कसं, गायलंच पाहिजे. आपण पुन्हा आढेवेढे घ्यायचे. त्याने पुन्हा आग्रह करायचा. मग आपण घसा साफ करायचा. अहो, दुसरी पुरणपोळीसुद्धा आपण आग्रहाशिवाय वाढून घेत नाही.

"ओके, नो प्रॉब्लेम," काका म्हणाले. "एन्जॉय द प्रोग्रॅम." आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. आधी काकांवर चिडले, मग पुण्यावर, मग स्वतःवर. किचनपासून दारापर्यंत येरझारा घालत होते. नवरा म्हणाला, "जाऊ दे यार, नेक्स्ट इयर बघू." तेच तर झोंबलं. पुढच्या वर्षी आम्ही कुठे असणार? इथल्याच दुसऱ्या कुठल्या राज्यात, नोव्हायला नाही तर मॉरिसव्हिलला, की बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला? त्या एका संध्याकाळी तरी मला कुणाची तरी डिपेंडंट म्हणून नाही, गाणारी म्हणून बसायचं होतं.

तशीच जिना चढून वर गेले. बाईने सगळं ऐकलं. तिला काही केल्या कळेना.

"तुला गायचं होतं?"

"हो."

"मग नाही का म्हणालीस?"

मी आग्रह समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"काका," मी म्हटलं, "मघाशी नको म्हटलं ते उगीच. मला गायचंय."

"अगं, मग तसं सांगायचं ना," काका म्हणाले. "मी तिथे मुलांचा डान्स टाकला. पंधरा मिनिटं देतो, चालेल?"

चालेल म्हणताना मला लाजेने घाम फुटला होता.

शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या बास्केटखाली थर्माकोलचं मखर होतं. तबल्यावरच्या इंजिनिअरची आणि माझी ओळख स्टेजवरच झाली. पहिलीच तान चिरकली, आणि मला वाटलं उठून पळावं. तेवढ्यात पहिल्या रांगेत, पैठण्यांच्या मधोमध, बाई दिसली. काळा ड्रेस, लाल लिपस्टिक आणि मांडीवर बॅग. तिने हळूच स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मी श्वास खाली नेला. नंतर गाणं फार थोर झालं असं नाही, पण ते माझं होतं आणि मी खूश होते.

प्रसादाची प्लेट देताना मी तिला विचारलं, बॅग कशाला आणलीस?

"तूच म्हणालीस ना, रियाज नाही," ती म्हणाली. "तुझा आवाज बसला असता तर कुणीतरी लागलंच असतं."

मराठीचं अक्षर येत नाही, आवाज केव्हाच गेलेला, आणि बाई तयारीने आली होती. मला हसायला येणार होतं, पण डोळेच भरून आले.

तेवढ्यात काका आले. "मस्त झालं हं. नेक्स्ट इयर फुल अवर..."

आदल्याच दिवशी नवऱ्याच्या टीममधल्या आणखी काही जणांना घरी पाठवलं होतं. काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.