दादाचा उंच चौथरा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरला एका ट्रॉलीचा हुक वेल्ड करत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, या…" आणि पुढे नुसतं रडणं. काम अर्धं टाकून निघालो. महाडला बाजारामागच्या गल्लीतलं आमचं वर्कशॉप त्या दिवशी भर दुपारी बंद दिसलं. वडिलांनी सुरू केलेलं ते. लोखंड कातायच्या लेथवर दादा, वेल्डिंगला मी. तुडीलपासून उमरठपर्यंत कुणाचा पंप अडला, कुणाच्या गिरणीचा शाफ्ट झिजला, की माणसं तो गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे यायची. आता कोण येतं? बिघडलं की नवं आणतात. शेजारची वर्कशॉपं केव्हाच मिटली, एका ठिकाणी मोबाईल विकतात. दादा मात्र भारी हट्टी. "झिजलंय रे, मेलं नाय," म्हणायचा आणि कामाला लागायचा.

या हट्टापायीच तो चौथरा झाला. पुराच्या वर्षी सावित्रीचं पाणी आत शिरलं, लेथ मशीन कमरेएवढ्या चिखलात बुडालं. दादानं ते पार खोललं, डिझेलनं धुतलं, आणि पुन्हा याला पाणी लागू द्यायचं नाही असं मनाशी ठरवलं. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, तिच्या उंचीचा काँक्रीटचा चौथरा बांधला. चेनपुलीनं मशीन वर चढवलं, बोल्ट आवळले, नारळ फोडला, पेढे वाटले. दादा ऐटीत चालवायला उभा राहिला, तर हँडल त्याच्या कपाळाशी! वहिनी हसून हसून खाली बसल्या. "अवो, पाणी मोजलंत, स्वतःला मोजायचं राहिलंच की!" मग फळ्या ठोकून उभं राहायला मचाण केलं. येणारा जाणारा विचारायचा, "दादा, खाली कधी उतरणार?" हा वरून म्हणायचा, "पाणी उतरलं की!" गल्लीला ती एक करमणूकच झाली होती.

तेराव्यानंतर पुतण्या नितीन म्हणाला, "काका, कोण चालवणार आता? विकून टाकूया." मुंबईत नोकरी करणारा पोरगा, त्याचं काय चुकलं? मलाही लेथ कुठं येत होतं! दादा हात लावू द्यायचा नाही. "तुझा हात आगीचा, इकडं येऊ नको," म्हणायचा. भंगारवाला आला, चौथऱ्याभोवती फिरला आणि त्यानं डोकंच धरलं. "येवढ्या वर कुणी चढवलं हो? हे उतरवत कोण बसेल? हितंच कापून तुकडे नेतो. तुमचा गॅसकटर हाय ना?" मला आधी हसू आलं. काय करून ठेवलंस रे दादा… आणि मग डोळे भरून आले. माझ्याच कटरनं त्याचं मशीन कापायचं?

"नाय," मी म्हणालो. "कापायचं नाय."

"मग काका?"

"मी चालवीन."

म्हणायला काय जातं! सुरुवातीचे बुश, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या त्या पितळी कड्या, असे बिघडवले की दादानं मला मचाणावरून ढकलून दिलं असतं. वहिनी रोज चहा घेऊन येतात आणि थोडा वेळ थांबतात. त्याची आठवण फार येते, विशेषतः मशीन नीट चालतं तेव्हा. परवा उमरठचे एक म्हातारे गृहस्थ पंपाचा बुश करायला टाकून बाजारात गेले. परत आले ते सवयीनं दारातूनच ओरडले, "दादा, झाला का रे?"

ओरडल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं. बिचारे ओशाळून उंबऱ्यातच थांबले.

"झालाय," मी वरून म्हणालो. "या, घेऊन जा."