चौदाव्या शतकातली मुदखेडची रेल्वे

मंडळी, आत्ता कुठं जीव भांड्यात पडला!

सकाळी एका मासिकाकडून माझा शोधनिबंध परत आला. विषय, निजामाच्या शेवटच्या वर्षांतलं मुदखेड स्टेशन. संपादकांचा शेरा: "संदर्भसूची आमच्या शैलीनुसार नाही. आणि रेल्वेचे कागद सन १३५५ चे कसे? संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर लेख या अंकातून वगळू."

डोकंच फिरलं. त्यांच्याच नियमावलीत लिहिलंय की साल मूळ कागदावर असेल तसंच द्या. मी दिलं! निजामाच्या कारभारातलं फसली साल होतं ते, पण तसा उल्लेख करायचं काही सुचलंच नाही. आमच्याकडं ते कुणाला सांगावं लागतं?

माझी चिडचिड ऐकून निजामी मुलखातल्या मुरुडहून आलेले माझे वडील, अप्पा, हसायला लागले. "माझी आई माझ्या जन्माचं साल बी तेच सांगायची. म्हंजे मी लई म्हातारा हाव की!"

मग मी बसले. प्रत्येक सालात पाचशे नव्वद मिळवले, इसवी सन लिहून कंसात फसली टाकलं, सगळी सूची नव्यानं लावली आणि पाठवली. तासाभरात उत्तर आलं: "आता समजलं. लेख घेतोय."

मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "माझं बी साल काढून दे. आधारवरचं मास्तरनं अंदाजानं टाकलेलं हाय."

काढून दिलं. अप्पांनी बोटांवर हिशेब केला आणि एकदम ताठ बसले. "आगं, मी दोन वर्षांनी लहान निघालो!"

तुमच्या घरात कुणाचं वय अजून फसलीत अडकलंय?