अर्जुनरावांचा जप

अर्जुनराव भोसरीच्या एका वर्कशॉपात फिटर होते. परळीकडच्या गावातून आले तेव्हापासून ‘ॐ नमः शिवाय’ त्यांच्या तोंडी होतं. रिक्षात, मशीनच्या धडधडीत, जेवणाच्या सुट्टीत ओठ हलतच असायचे. डोकं शांत राहतं म्हणायचे. माणूस एरवी अबोल, पण जेवण बिघडलं की डाफरायचा.

निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यातून काळेवाडीच्या घरी आले ते नुसतं “अं, अं” करत. पाणी हवंय की पांघरूण, हे त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, उमगायचं नाही.

एका सकाळी त्या कणीक मळत होत्या. मागून खणखणीत आवाज आला.

“ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय.”

कुसुमताईंचे हात परातीतच थिजले. वळून बघतात तर खाटेवर अर्जुनराव डोळे मिटून जप करताहेत. एक अक्षर अडखळत नव्हतं.

“अहो! बोलता येतंय तुमाला?” त्यांनी पिठाच्या हातांनीच नवऱ्याचा चेहरा धरला. “माझं नाव घ्या. कुसुम म्हणा. म्हणा की!”

“क... क...” तोंड वेडंवाकडं झालं. पुढं काही येईना.

कुसुमताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “देवाला हाक मारता येती आन् मला न्हाई? मी येड्यावानी खाणाखुणा करतेय इतके दिवस. सोंग करताय व्हय?”

अर्जुनरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तशा त्या पदरानं ते पुसू लागल्या. आपण काय बोलून गेलो!

मुलगी वर्षाली दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. वाचा सुधारण्याचे उपचार करणाऱ्या नीला मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“सोंग नाही हो, ताई. विचार करून बोलायची वाट त्यांची बंद झालीय. जन्मभर घोकलेलं मात्र दुसऱ्याच वाटेनं बाहेर येतं. जपाच्या चालीवर छोटे शब्द म्हणून घ्या. काही येतील, काही नाही यायचे.”

मग रोज गुडघ्यावर ताल धरून सराव सुरू झाला. दिवाळीच्या सुमारास ‘पाणी’ आलं. पाठोपाठ ‘चहा’. ‘कुसुम’ अजून यायचंय.

पण अर्जुनरावांनी आपली वेगळीच तोड काढली. लांबवलेला जप म्हणजे कुशीवर वळवा. भराभर म्हटला की भांडं आणा. शेजारणी दारातूनच हात जोडायच्या, “काय भक्ती हाय!” कुसुमताईंना मात्र आधी धडकीच भरली. शंकराच्या नावानं लघवीचं भांडं मागायचं? पाप लागेल की! पण भांडं वेळेवर पोचू लागलं, तशी भीती सरली.

परवा भाजीत मीठ घालायचं राहिलं. पहिला घास तोंडात गेला नि अर्जुनराव गरजले, “ॐ नमः शिवाय!”

कुसुमताई दचकल्या. तोच सूर, तीच धार. आजाराआधीचा नवरा समोर बसला होता. वर्षाली हसून लोटपोट झाली.

“आणते, आणते,” म्हणत त्या मिठाच्या बरणीकडे धावल्या. “जरा दम धरा की!”