आधी काय संपतं?

आमच्या घरच्या पाच किराणा दुकानांचा इतिहास बाबा फार रंगवून सांगतात. त्यात काकांचं धाडस असतं, बाबांची हुशारी असते, पाट्यांचे रंगसुद्धा असतात. थोरली काकू त्यात चहापुरती येते. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण पाचही दुकानं उभी केली ती काकूने.

तिची पद्धत ठरलेली. नव्या वस्तीत गाळा घेतला की माल भरायच्या आधी ती आठवडाभर लोकांचे जिने चढायची. दार उघडलं की एकच प्रश्न, "ताई, तुमच्या घरात महिना संपायच्या आत आधी काय संपतं?" बायका आधी चक्रावायच्या, मग पाणी द्यायच्या, मग तासभर बोलायच्या. एका गल्लीत कपड्यांचा साबण पुरायचा नाही, कारण तिथे घरटी एक माणूस गॅरेजात कामाला. दुसरीकडे साखर, कारण एक आजोबा डब्यातून चोरून खायचे आणि त्यांचं बघून शेजारचेही. जे आधी संपतं ते काकू दारातल्या फळीवर मांडायची. चार-सहा महिन्यांत दुकान चालायला लागायचं. मग ते घरातल्या एखाद्या पुरुषाच्या हवाली करून ती पुढच्या गाळ्याकडे निघायची.

पहिल्या दुकानात काका बसले. दुसरं, साबणाचं, बाबांना मिळालं. बाबांनी अक्कल चालवून साबण मागे ढकलला आणि दारात महागडी बिस्किटं लावली, दिसायला बरी म्हणून. दोन महिन्यांत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं आणि काकूला बोलावणं गेलं. तिने दोन दिवसांत फळ्या होत्या तशा केल्या, बाबांना एका शब्दाने बोलली नाही. इतिहासात हा भाग येत नाही.

तिसरं, चौथं, पाचवं असंच वाटलं गेलं. काका गेल्यावर पहिलं दुकान त्यांच्या मुलाकडे आलं. सहावं माझ्या नवऱ्याला मिळायचं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही ते हवं होतं. नवरा मनाने चांगला, पण दोन किलो साखर तोलताना त्याला घाम फुटतो.

एका रविवारी दुपारी सगळे जेवायला जमले होते. बाबा म्हणाले, "वहिनी, सहावं आता मार्गी लागलं. एक तारखेपासून जावईबापू बसतील. तुम्ही जरा आराम करा."

काकूने हातातला घास ताटात ठेवला. "भावोजी, हे दुकान मी देणार नाही. तिथे मी बसणार."

बाबा गोरेमोरे झाले. "अहो, पण असं मनात होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले," काकू म्हणाली. "दर खेपेला वाटायचं, या वेळी विचारतील. पाच दुकानं गेली."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. परक्यांच्या घरी जाऊन काय कमी पडतं ते विचारणारी ही बाई, आणि आम्ही एका घरात राहून तिला कधी काही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. सहाव्या दुकानाच्या पाटीचा रंगही मी मनात ठरवून ठेवला होता.

माझा नवरा सहसा या मंडळींत तोंड उघडत नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "काकू, मी तुमच्या हाताखाली येतो. शिकवाल का?"

"शिकवीन. पण फळ्यांना हात लावायचा नाही."

बाबांना ठसका लागला. मग तेच आधी हसले आणि म्हणाले, "बसा वहिनी. चुकलंच आमचं."

एक तारखेला मी मुद्दाम सकाळी दुकानात गेले. काकू गल्ल्यामागे ताठ बसली होती, नवरा बरण्या पुसत होता. तेलाच्या कंपनीचा माणूस आत आला, सरळ नवऱ्याकडे गेला आणि त्याने विचारलं, "मालक कुठेत?"

नवऱ्याने फडकं धरलेल्या हातानेच गल्ल्याकडे बोट दाखवलं.

काकूने चष्मा सारखा केला आणि ती म्हणाली, "बोला."