मेघालीचा ताबा

आनंदीबाईंनी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःच पिशवी टेबलावर ठेवली. आत चार नवे मोबाइल होते. शेजारी त्यांची सोळा वर्षांची भाची मेघाली मान खाली घालून उभी होती.

आनंदीबाई राहनाळच्या एका गोदामात पार्सलं भरायच्या. मेघाली दुपारी त्यांना डबा द्यायला यायची आणि परतताना रिकाम्या डब्याच्या पिशवीतून गोदामातले मोबाइल न्यायची. घरी तांदळाच्या पिंपात हात घातला तेव्हा आनंदीबाईंना ते सापडले.

"पप्पांनी सांगितलं," एवढंच मेघाली ठाण्यात म्हणाली.

तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. बाप मनोज दुसरं लग्न करून काल्हेरला राहायला गेला आणि पोर आत्याकडेच वाढली. तसा कागद मात्र कुणी केला नव्हता.

मनोजनं कानांवर हात ठेवले, आणि पोलिसांनी मेघालीला मुलींच्या निरीक्षणगृहात पाठवलं. आनंदीबाईंचं काम सुटलं. त्या दोनदा भेटायला गेल्या. दोन्ही वेळा मेघालीनं तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी बाल न्याय मंडळापुढे जामिनाची सुनावणी लागली. मनोज इस्त्रीचा शर्ट घालून, पोरीचा जन्मदाखला घेऊन हजर होता.

"मी बाप हाय, मॅडम. पोरगी माझ्या ताब्यात द्या. हिनंच तिला पोलिसात नेलं."

"नेलं," आनंदीबाई म्हणाल्या. "न्हाय तर यानं तिला पुढं काय काय करायला लावलं असतं?"

मंडळाच्या प्रमुख मॅडमनी मेघालीकडे पाहिलं. "तुला कुणाकडे जायचंय?"

मेघालीनं बापाकडे पाहिलं. त्यानं हलकेच मान हलवून तिला गप्प बसायची खूण केली. ती मॅडमकडे वळली.

"पप्पांकडं न्हाय," ती म्हणाली. "खोका फोडून किती मोबाइल आणायचे, ते तेच सांगायचे."

मनोज ताडकन उठला. महिला पोलिसानं त्याला खाली बसवलं.

मंडळानं ताबा आनंदीबाईंना दिला. दर सोमवारी देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी लावायची होती, आणि परवानगीशिवाय बापानं तिला भेटायचं नव्हतं. हमीपत्रावर आनंदीबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली.

"बघून घेईन," फाटकापाशी मनोज पुटपुटला. आनंदीबाईंनी मेघालीचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला.

"पोलिसात न्यायच्या आधी मला एकदा विचारायचंस तरी, आत्या."

"विचारलं असतं, तर माझाच पाय निघाला नसता."

रिक्षा आली तेव्हा मेघाली आधी चढली आणि आत सरकून आत्याला जागा करून दिली.